चालते दप्तर आणि ठेवणीचे दप्तर

खारीगावातील एखाद्या सदनिकेचे खरेदीखत उघडून पाहिले, तर लिहून देणार आणि लिहून घेणार यांच्या नावांनंतर, मिळकतीच्या वर्णनात, ‘मौजे खारी, तालुका व जिल्हा ठाणे’ हे शब्द हटकून आढळतात. भाईंदर पूर्वेला गोडदेव आणि नवघर यांच्या शेजारी वसलेला हा गाव आज इमारतींच्या दाटीत आपल्या सीमा हरवून बसला आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या नगरपरिषदेत आणि २००२ साली तिच्या जागी आलेल्या मिरा-भाईंदर महानगरपालिकेत तो पूर्णपणे सामावून गेला आहे. परंतु मुलकी कागदांत त्याचे मौजेपण अद्याप अबाधित आहे. त्या खरेदीखताबरोबर घरात आणखीही पुष्कळ कागद असतात : इंडेक्स टूचा उतारा, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीच्या पावत्या, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे आदेश. गेल्या वीसेक वर्षांत या सर्वांच्या प्रतिमा संगणकात जाऊन बसल्या, त्यांच्या जोडीला हजारो छायाचित्रे आली, आणि ‘डॉक्युमेंट्स’ या नावाचा एक फोल्डर हे प्रत्येक कुटुंबाचे खाजगी दप्तर झाले. हे दप्तर फुगत जाऊन यंत्रात जागा उरेनाशी झाली, म्हणजे बाजारातून बाहेरची हार्ड डिस्क आणावयाची आणि सगळा फोल्डर तीवर हलवावयाचा, हा उपाय घरोघरी योजला जातो. काम अर्ध्या तासाचे दिसते. परंतु दप्तर एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याचा व्यवहार या भूमीत शतकानुशतके चालत आला आहे, त्यात पुष्कळ काही वाचले आहे, पुष्कळ काही कायमचे नष्ट झाले आहे, आणि त्या इतिहासात आजच्या गृहस्थाला उपयोगी पडेल असा एक स्पष्ट नियम दडलेला आहे, असे माझे मत आहे.

खारी ज्या साष्टी बेटावर आहे, त्या बेटाचे राज्य चार शतकांत वारंवार बदलले. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून १५३४च्या तहाने वसई आणि तिच्या आश्रयाचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला आणि १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई सर केली. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे काबीज केले आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरील त्यांचा ताबा कायम झाला. प्रत्येक राज्यकर्त्याने जमीन मोजली, महसूल आकारला, इनामे दिली, तंटे तोडले, आणि या सर्वांचे कागद केले. पण एकाचेही दप्तर साष्टीत राहिले नाही. पोर्तुगीजांच्या वतीने सिमाँव बोतेलो याने १५५४ साली वसईसह ठिकठिकाणच्या मुलखाच्या उत्पन्नाची नोंदवही तयार केली. पुढे गोव्याच्या दप्तरखान्याची व्यवस्था १५९५ साली इतिहासकार दियोगु दु कोउतू याच्याकडे सोपविण्यात आली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील पत्रव्यवहाराचे ६२ खंड जहाजावर चढवून लिस्बनला नेण्यात आले. मराठ्यांच्या अमदानीतील कागद पुण्यास हुजूर दप्तरात गेले आणि इंग्रजांचे मुंबईस, जेथे १८२१ साली कंपनी सरकारने आपला अभिलेख विभाग स्थापन केला. साष्टीचा इतिहास लिहिणाऱ्याला म्हणून पणजी, लिस्बन, पुणे आणि मुंबई अशा चार दारांशी जावे लागते.

वरवर पाहता ही आपत्ती वाटेल, परंतु नीट विचार केला असता ते भाग्यच ठरते. खाडीकाठच्या या प्रदेशात, मिठागरांच्या सान्निध्यात, कागद टिकणे फार कठीण आहे. पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब असते आणि त्या हवेतील क्षार ओल धरून ठेवतात. लोखंडी टाचणी एका पावसाळ्यात गंजून कागदावर तांबूस डाग पाडते, दुसऱ्या पावसाळ्यात त्या डागाचे छिद्र होते. कपाटाची मागची फळी भिंतीला टेकलेली असेल तर तिच्यातून वाळवी वर चढते आणि दप्तराचा मधला भाग खाऊन कडा तेवढ्या शाबूत ठेवते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला काहीच झालेले नाही असे वाटते. साष्टीचे कागद साष्टीतच राहिले असते, तर चिमाजी अप्पांच्या मोहिमेविषयी आज आपल्याला जे तपशीलवार ज्ञान आहे त्याचा फारच थोडा अंश हाती लागला असता. ते पुण्याला आणि गोव्याला नेले गेले, म्हणून एका पक्षाची हकीकत पेशवे दप्तरातून आणि दुसऱ्या पक्षाची गोव्याच्या दप्तरखान्यातून काढता आली; पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांच्यासारख्या संशोधकाने गोव्याचे पोर्तुगीज कागद मराठ्यांच्या इतिहासाच्या कामी लावले, आणि एकाच घटनेची दोन दप्तरे एकमेकांशी ताडून पाहण्याची सोय झाली.

दप्तर कोठे असावे आणि त्याचे विभाग कसे पाडावे, याचा विचार पेशवाईत मोठ्या बारकाईने झालेला होता. पुण्याच्या हुजूर दप्तराच्या अनेक शाखांपैकी दोन मुख्य होत्या. एक चालते दप्तर. हे फडणिसांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली असे, आणि फड, बेहडा, सरंजाम इत्यादी खात्यांतून दररोजच्या सनदा, आज्ञापत्रे, नेमणुका व हिशेब यांचे काम तेथे चाले. दुसरे एकबेरीज दप्तर. हे कायम पुण्यासच राही, ठिकठिकाणचे हिशेब तेथे येऊन वर्गवार लागत, त्यांची खतावणी होई, आणि जमा, खर्च व शिल्लक यांचा एकत्र गोषवारा देणारे तर्जुमे तयार होत. चालत्या दप्तराला वेग हवा आणि ठेवणीच्या दप्तराला स्थैर्य हवे. जे रोज हाताळावयाचे ते हाताशी असावे आणि जे पुढे पुराव्याला लागावयाचे ते एका स्थिर जागी, लावून, बेरीज घालून ठेवावे, ही त्या व्यवस्थेमागची दृष्टी होती. मोडी कागदांचे स्वरूपही तिला अनुकूल होते. लांबट, अरुंद बंद एकाखाली एक चिकटवून मजकूर लिहीत, त्यांच्या घड्या पाडीत, साल व परगणा यांच्या अनुक्रमाने त्यांचे गठ्ठे करीत, आणि प्रत्येक गठ्ठा चौकोनी रुमालात बांधून वर ओळखीची चिठ्ठी लावीत. रुमालाचे जाडेभरडे कापड धूळ अडवी आणि हवा आत जाऊ देई. गाठ सोडल्यावाचून आतला कागद निघत नसे आणि रुमाल उचलला की सर्व कागद एकदम उचलले जात. हलविण्याच्या दृष्टीने याहून सोयीची बांधणी त्या काळी क्वचितच कोणाला सुचली असेल.

असे असूनही, दप्तर हलविण्याच्या क्षणीच त्याला सर्वांत मोठा धोका असतो, याचा दाखला त्याच पेशवाईत सापडतो. १७६३ साली निजामअलीच्या फौजा पुण्यावर चालून आल्या, तेव्हा शहरातील लोक चीजवस्तू घेऊन डोंगरी किल्ल्यांच्या आश्रयाला निघाले. सिंहगडाकडे जाणाऱ्यांचा शत्रूच्या एका तुकडीने पाठलाग केला आणि गडाखालच्या गावाला आग लावली. त्या आगीत लोकांच्या मालमत्तेबरोबर मराठ्यांच्या इतिहासावर प्रकाश टाकणारे अनेक हस्तलेख आणि राज्याचे कागद जळून गेले, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. पुण्यात ठेवावे तर पुणे जळत होते आणि बाहेर काढले तर वाटेतच आग गाठत होती. अशा प्रसंगी ज्या कागदाची दुसरी प्रत अन्यत्र होती तो तेवढा वाचला आणि ज्याची नव्हती तो गेला. सुरक्षिततेसाठी केलेले स्थलांतर हे प्रतीची जागा घेऊ शकत नाही, ही गोष्ट त्या ज्वाळांनी जितक्या स्पष्टपणे सांगितली तितकी कोणत्याही शास्त्रीय विवेचनाने सांगता येणार नाही.

दुसरा धोका शांततेच्या काळातला आहे, आणि तो अधिक सावकाश पसरतो. नाना फडणिसांच्या देखरेखीखाली दप्तराची शिस्त कडक होती. १८०० साली नाना वारले, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत दप्तराची आस्था उरली नाही. कारकुनांचा संच विस्कटला, कागद लावण्याचे काम थांबले, आणि ज्याला जे रुमाल हवे ते त्याने घरी न्यावे इथपर्यंत शैथिल्य आले. १८१८ साली राज्य गेल्यावर एल्फिन्स्टनने कॅप्टन मॅक्लाऊडकडे या दप्तराची व्यवस्था सोपविली, तेव्हा विखुरलेले कागद गोळा करून पुन्हा लावणे हेच त्याचे पहिले काम झाले. पुढे इनाम कमिशनने १८५२च्या कायद्यानुसार इनामदारांचे हक्क तपासण्याकरिता या कागदांचा कसून उपयोग केला; सातारकर छत्रपतींचे आणि कुलाब्याच्या आंग्ऱ्यांचे दप्तरही त्यांची राज्ये खालसा झाल्यानंतर पुण्यात येऊन पडले; आणि १८९१च्या सुमारास या सर्वांसाठी पुण्यात स्वतंत्र दगडी इमारत उभी राहिली, जी आज पुणे पुराभिलेखागार या नावाने परिचित आहे. आगीपासून आणि ओलीपासून कागद वाचविण्याचा विचार करून बांधलेली ती वास्तू हा कागदांना त्यांच्या कचेरीतून बाहेर काढून स्वतंत्र घर देण्याचा महाराष्ट्रातील मोठा प्रयोग होता.

तथापि कागद सुरक्षित आहेत एवढ्याने दप्तराचे सार्थक होत नाही. ते उघडता आले पाहिजे. सरकारी दप्तर संशोधकांना दीर्घकाळ बंदच होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून देशमुख-देशपांड्यांच्या, जोशी-कुलकर्ण्यांच्या माळ्यांवरचे रुमाल धुंडाळले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, ती याच कार्याला स्थिर अधिष्ठान मिळावे म्हणून. सरकारी दप्तराचे दार त्यानंतर अनेक वर्षांनी उघडले, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत छापून निघाले. त्यांपैकी एक संपूर्ण भाग वसईच्या मोहिमेच्या पत्रांना दिलेला आहे. एका रुमालातला एकुलता कागद छापला गेला की त्याच्या शेकडो प्रती शेकडो गावांत जाऊन पडतात, आणि मग एखादी आग, एखादा पूर किंवा एखाद्या अधिकाऱ्याची बेपर्वाई त्याला नाहीसा करू शकत नाही. १९६१च्या जुलैत पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील घराघरांतले कागद चिखलात गेले, तेव्हा छापील साधनांचे हे मोल नव्याने पटले.

खारीच्या जमिनीचा कागद मात्र या काळात ठाण्याच्या वाटेने चालला होता. १९२० साली साष्टी तालुक्याची विभागणी होऊन दक्षिण साष्टी मुंबई उपनगर जिल्ह्यात गेली आणि भाईंदरकडचा उत्तर भाग ठाणे जिल्ह्यातच राहिला. १९०३च्या हक्कनोंदणीच्या कायद्यातून विकसित झालेले गाव नमुना सात आणि बारा तलाठ्याच्या दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या हाताने लिहिले गेले, फेरफार नोंदले गेले, मंडल अधिकाऱ्याच्या सह्या झाल्या. भातशेती आणि मिठागरे यांच्या जागी इमारती आल्या, तशा एका सर्व्हे नंबराच्या पोटी हिस्से वाढत गेले. त्यानंतर सरकारने हे सर्व संगणकावर आणले. या शतकाच्या आरंभी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ‘सरिता’ ही प्रणाली सुरू होऊन नोंदविलेल्या दस्ताची प्रतिमा संगणकात राहू लागली, आणि २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई-ठाण्यातील तळमजल्यांवर भिजलेल्या कागदांचे ढीग सुकत पडले. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरचे मजले भस्मसात झाले आणि असंख्य फायली गेल्या. सिंहगडाच्या पायथ्याशी जे घडले त्याहून ही हकीकत तत्त्वतः वेगळी नाही. ज्या फायलींच्या प्रतिमा आधीच काढल्या गेल्या होत्या त्या पुन्हा छापता आल्या, बाकीच्या अन्य कचेऱ्यांतील प्रतींवरून जुळवाव्या लागल्या.

यंत्रांच्या जगातही हाच विचार निराळ्या मार्गाने घडत गेला. १९५६ साली आयबीएम कंपनीने जे पहिले चकतीचे साठवण-यंत्र विक्रीस आणले, त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून ५० लाख अक्षरे सामावत असत. आज मोबाइलमधील एका छायाचित्रालाही तेवढी जागा लागते. पुढे बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही प्रणाली रचली, तेव्हा यंत्र चालविणाऱ्या आज्ञावलीचे साहित्य आणि ते यंत्र वापरणाऱ्या माणसांच्या फायली यांसाठी वेगवेगळ्या शाखा ठेवण्याची प्रथा पडली, आणि तबकडी अपुरी पडू लागली की माणसांच्या फायलींची शाखा दुसऱ्या तबकडीवर नेण्याची सोय झाली. घरगुती संगणकावर ‘विंडोज’मध्ये हीच कल्पना ‘माय डॉक्युमेंट्स’ या नावाने आली. यंत्राचे सामान वेगळे, माणसाचे दप्तर वेगळे. यंत्र मोडले, प्रणाली नव्याने घालावी लागली, तरी माणसाच्या दप्तराला धक्का लागू नये, ही त्यातली सद्‌बुद्धी आहे. १९९६ साली यूएसबीची जोडणी आली, २०००च्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीने वेग पुष्कळ वाढविला, आणि खिशात मावणारी बाहेरची डिस्क सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली.

आता प्रत्यक्ष स्थलांतराकडे वळू. ‘डॉक्युमेंट्स’ या फोल्डरवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे, ‘लोकेशन’ या पानावर जावे, ‘मूव्ह’ म्हणावे आणि बाहेरच्या डिस्कवरील नवी जागा दाखवावी; जुन्या जागेतील फायली नव्या जागी न्याव्यात काय असे यंत्र विचारते आणि होकार मिळताच कामाला लागते. यापुढे प्रत्येक प्रोग्रॅम ‘डॉक्युमेंट्स’ असे विचारून त्या नव्या पत्त्यावर जातो. या व्यवस्थेत दोन मर्म आहेत. पहिले असे, की दोन निरनिराळ्या डिस्कांमधील हलविणे म्हणजे आधी नक्कल आणि मग मूळ पुसणे; मध्येच तार निसटली, वीज गेली किंवा डिस्क घसरून खाली पडली, तर काही कागद इकडे, काही तिकडे आणि एखादा अर्धवट, अशी दुर्दशा होऊ शकते. दुसरे असे, की हलविणे यथासांग पार पडले तरी शेवटी प्रत एकच उरते, आणि ती आता भिंतीत पक्क्या बसविलेल्या तिजोरीत नसून एका हलत्या, पडू शकणाऱ्या, विसरून जाऊ शकणाऱ्या पेटीत आहे. ती पेटी जोडलेली नसेल तेव्हा यंत्राला आपले दप्तरच सापडत नाही; दुसरी पेटी आधी जोडली गेली आणि यंत्राने हिला दिलेले ओळखीचे अक्षर बदलले, तरी तोच घोटाळा होतो.

म्हणून माझे सांगणे असे, की बाहेरच्या डिस्कवर चालते दप्तर नेऊ नये; तिच्यावर एकबेरीज दप्तर न्यावे. ज्या फायलींवर या वर्षी काम चालू आहे, ज्या रोज उघडतात, त्या यंत्राच्या आतच राहू द्याव्यात. ज्यांचे काम संपले, परंतु ज्यांचा पुरावा म्हणून उपयोग होणार आहे, म्हणजे खरेदीखत, दाखले, जुन्या वर्षांची विवरणपत्रे, मुलांच्या लहानपणची छायाचित्रे, त्यांना सालवार आणि विषयवार लावून बाहेरच्या डिस्कवर न्यावे. नेताना ‘हलवा’ असे न सांगता आधी नक्कल करावी. नक्कल पुरी झाल्यावर दोन्हीकडील फायलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा, कारण पेशवाईतील तर्जुम्याचे काम आज हीच बेरीज करते. चार-दोन फायली मध्यातून निवडून खरोखर उघडतात की नाही ते पाहावे. आणि हे सर्व जुळल्यावरच जुनी जागा मोकळी करावी. तत्पूर्वी तिसरी प्रत दुसऱ्या एका डिस्कवर काढून ती दुसऱ्या गावी, सख्ख्या भावाकडे किंवा विवाहित मुलीकडे, ठेवावी. एकाच घराच्या दोन कपाटांत ठेवलेल्या दोन प्रती एकाच पुरात भिजतात आणि एकाच आगीत जळतात. साष्टीचे दप्तर पणजीत आणि पुण्यात असल्यामुळे जसे वाचले, तसे खारीच्या घराचे दप्तर सातारला किंवा नाशिकला असल्याने वाचेल.

हे सांगण्याला आजची निकड आहे. खारीगावातील तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारती आता जीर्ण झाल्या आहेत आणि पुनर्विकासाच्या चर्चा सुरू आहेत. घर रिकामे करून भाड्याच्या खोलीत जाताना ट्रंका हलतात, कपाटे विकली जातात, माळा उपसला जातो, आणि नेमक्या त्याच गडबडीत मूळ करारनामा कोठे ठेवला याचा पत्ता लागेनासा होतो. नव्या इमारतीतील हक्क सिद्ध करावयाचा तर तोच करारनामा, तेच शेअर सर्टिफिकेट आणि त्याच पावत्या मागितल्या जातात. ज्या कुटुंबाने शांततेच्या काळात आपले ठेवणीचे दप्तर लावले असेल त्याला घर हलविण्याच्या काळात भय उरणार नाही. ज्याने ते लावले नसेल त्याला दुसऱ्या बाजीरावाच्या दप्तरातील रुमालांप्रमाणे आपले कागद दारोदार शोधीत फिरावे लागेल.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वह्यांची पूजा होते, आणि तिच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी दप्तर कपाटाबाहेर येते, झटकले जाते आणि पाहिले जाते. त्या दिवशी बाहेरची डिस्कही काढावी, संगणकाला जोडावी, सरत्या वर्षाचे कागद तीत लावावेत, बेरीज जुळवावी, आणि दूरच्या नातलगाकडील प्रत अद्ययावत करण्याचे त्याच दिवशी ठरवावे. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेली डिस्क नेमकी गरजेच्या वेळी फिरेनाशी होते आणि तिच्यातील फायली वाचणारी आज्ञावलीही काळाच्या ओघात मागे पडते. वर्षातून एकदा उघडलेले दप्तर या दोन्ही संकटांची चाहूल वेळेवर देते. एका पिढीने हा नेम पाळला, तर दुसरीला आपल्या घराचा पुरावा शोधण्याकरिता कोणाच्याही दारी जावे लागणार नाही.